शंभर नंबरचा खण

2A3

बाबांनी शेवटची पटाशी फडक्यात ठेवली, फडकं दुमडलं, पुन्हा दुमडलं आणि वरून सुतळीची गाठ मारून ती दातांनी ओढली. मग ती पुडी बाकाखाली, गोंदाच्या डब्यांमागे सरकवली आणि हात झटकत म्हणाले, "चला, सुटलो एकदाचा."

सुनेने तेवढा त्यांच्या बाहीवरचा भुसा झटकला.

4C1

बसचालक बाईंच्या मुलीला घरीदारी सगळे फटाकडी म्हणत. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड होता आणि आत वळलेला. जीभ मात्र कुठेच आखूड नव्हती.

700

या इमारतीत सातशे नंबरचा खण नाही. कधीच नव्हता.

6B2

पायावर नाव लिहायचं नाही, हा बाबांचा नियम. ज्या पायाची लाज वाटते म्हणून माणूस पडदा ओढून मोजा काढतो, त्या पायाच्या लाकडी फर्म्यावर त्याचं नाव घालून तो चारचौघांत फळीवर मांडायचा? टाचेवर तापल्या सळईने फक्त पत्ता डागायचा. ओळ, कपाट, खण. बस्स.

100

संगणकात अवतरणचिन्हांत ठेवलेल्या नोंदीला स्वतःचा असा प्रकार नसतो. ती अंक आहे, तारीख आहे की नुसती अक्षरं, हे डेटाबेस तिच्या शेजाऱ्याकडे बघून ठरवतो. शेजारी कोणीच नसेल तर अक्षरं समजून गप्प बसतो. बाबांची धाकटी लेक आपल्या ऑफिसात नव्या लोकांना हे शिकवायची आणि दरवेळी तोच विनोद करायची: "लग्नाच्या हॉलमध्ये अनोळखी माणूस दिसला की तो मुलाकडचा की मुलीकडचा, हे आपण कशावरून ठरवतो? कोणाशेजारी बसून जेवतोय त्यावरून!" नवे लोक हसायचे. जुने लोक घड्याळ बघायचे.

3D1

"हे बघ," दादा म्हणाला आणि त्याने संगणकाचा पडदा धाकटीकडे वळवला. "तूच केलेला प्रोग्रॅम आहे. तूच वाच."

दुकानाचं शटर अजून अर्धं खाली होतं. त्याखालून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसत होते, आणि लहानपणापासूनच्या सवयीने धाकटीची नजर आधी तिकडेच गेली. बाजारात ज्यांना बूट मिळत नाहीत अशा पायांचे बूट या दुकानात व्हायचे. आखूड पाय, वळलेले पाय, शस्त्रक्रियेतून उरलेले पाय. बाबा आधी पाय हातात धरून मापं घ्यायचे, मग त्याच्यासारखा हुबेहूब लाकडी पाय कोरायचे. तो फर्मा. बूट त्या फर्म्यावर चढायचा, गिऱ्हाईक बूट घेऊन जायचं आणि फर्मा मागच्या गोदामात त्याची वाट बघत बसायचा, पुढच्या जोडापर्यंत.

कोणाचा फर्मा कुठल्या खणात, हे आधी कार्डांवर असायचं. बाबांच्या अक्षरात. गेल्या वर्षी सुट्टीत धाकटीने दादाला हा प्रोग्रॅम करून दिला होता. दादाने बाहेरची माणसं बसवून कार्डं टाइप करून घेतली आणि रद्दीत घातली. आता नाव टाकलं की पत्ता यायचा. 4C1 म्हणजे चौथी ओळ, C कपाट, पहिला खण. जा आणि घेऊन या.

पडद्यावर फटाकडीचं नाव होतं. त्याशेजारी, खण: 100.

"शंभर?" धाकटी म्हणाली.

"शंभर. आणि ही एकटीच नाही. हा बघ, सातशे. हा तीस. हा पाच हजार. पाच हजार! आपलं काय विमानतळ आहे?"

"कार्डावरच तसं असणार."

"मी काय वेगळं म्हणतोय? पण कार्डं लिहायचं कोण?"

बाबा लिहायचे. वाक्य धाकटीच्याच तोंडून निघालं होतं, आता परत कसं घेणार.

दादाने आवाज खाली आणला. गोदामातली A ते D ही कपाटं जुनी. त्यांतले फर्मे हाकेसरशी सापडत होते. E हे कपाट प्रत्येक ओळीच्या टोकाला अलीकडे जोडलेलं, आणि गेल्या काही वर्षांत बाबांनी कोरलेलं सगळं त्यात. त्यातल्या एकाही फर्म्याचा धनी सापडत नव्हता. यंत्रात E नावाचं कपाटच नव्हतं. सगळी E कपाटं बेवारस.

"हात चालत राहिले गं," दादा म्हणाला. "पण कोणाचा पाय कोरला, कुठे ठेवला, कार्डावर काय लिहिलं, कशाचा कशाला मेळ नाही. आणि आपण आपले बाबा आहेत ना, बाबा आहेत ना करत बसलो. कधीपासून चाललंय कोण जाणे."

वहिनी चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "वन्सं आल्या! आता यंत्राला घाम फुटणार."

"यंत्राचं काही नाही झालेलं," दादा म्हणाला.

"मी कुठे म्हटलं झालंय? मी घामाचं म्हटलं." मग त्या धाकटीशेजारी टेकल्या आणि त्यांचा आवाज बदलला. "त्या दिवशी तुम्ही असायला हवं होतं. बसवाल्या बाई पोरीला घेऊन आल्या. जुने बूट चावायला लागले म्हणे. फर्मा सापडेना. मग बाबाच आत गेले, E मधून एक फर्मा उचलून आणला. ह्यांनी विचारलं, कोणाचा? बाबांनी तो असा फिरवला, तसा फिरवला. सगळे बघतायत. ती पोरसुद्धा बघतेय. आणि बाबा म्हणाले, नाही सांगता येत."

"मग?"

"मग काय. जागेवर ठेवून आले. दोन दिवसांनी हत्यारांची पुडी बांधली."

दादा उठला आणि शटर वर ढकलायला गेला. पाठमोराच म्हणाला, "पुढच्या महिन्यात कोरायचं यंत्र येतंय. त्याला जागा लागेल. E चे फर्मे भट्टीत जातील. मी बाबांना विचारूनच ठरवलंय."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, जाळा. चांगलं सुकलेलं लाकूड आहे, धूर होणार नाही."

5C2

बाबा पुढच्या बाकावर बसले होते, जिथे गिऱ्हाईकं बसतात. मांडीवर बुटांच्या नाड्यांचा गुंता होता आणि ते एकेक नाडी सोडवून तिची जोडीदारीण शोधत होते. सुनेने त्यांना काहीतरी काम हवं म्हणून दिलेलं काम होतं ते, आणि ते त्यांना कळलेलं होतं.

धाकटी शेजारी बसली. तिनेही एक टोक हातात घेतलं.

"बाबा, कार्डावर खण शंभर असं लिहिल्याचं आठवतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग झालं तर. नाही लिहिलं तुम्ही."

"असं नसतं बाळ." बाबांनी एक नाडी उजेडाकडे धरली. "चष्मा फ्रिजमध्ये ठेवल्याचंही मला आठवत नव्हतं. मी शपथेवर सांगत होतो, मी नाही ठेवला. पण निघाला तिथेच ना? थंडगार. आता माझ्या 'नाही'ची किंमत काय?"

"डॉक्टर म्हणाले ना, वय आहे. लक्ष ठेवा म्हणाले, एवढंच."

"मग ठेवतोय की लक्ष." ते हसले. मग हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून म्हणाले, "हातांचं म्हणशील तर ते दगडावरसुद्धा चालतील. पण कोणासाठी कोरतोय हे ज्याला आठवत नाही, त्याने पाय कोरू नयेत. उद्या एकाच्या पायाचा बूट दुसऱ्याच्या पायात जायचा. लंगडणाऱ्याला आणखी लंगडं करायचं, ते माझ्या हातून व्हायला नको."

धाकटीच्या हातातल्या नाडीला जोडीदारीण नव्हती. बाबांनी ती हळूच काढून घेतली आणि सुट्या नाड्यांच्या ढिगावर ठेवली.

100

गोदामात लाकडाचा आणि जुन्या मेणाचा वास होता. धाकटीने लॅपटॉप पहिल्या ओळीच्या टोकाशी, E कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवला आणि समोरचा एक फर्मा उचलला. डावा पाय, छोटा. टाचेवर डागलेलं होतं: 1E2. अक्षर बाबांचंच, पोटाशी गोल, शेपटीला सरळ. सातशे नाही, शंभर नाही. पहिली ओळ, E कपाट, दुसरा खण. आणि फर्मा होता पहिल्या ओळीत, E कपाटात, दुसऱ्या खणात.

तिने तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. वेड लागलेला माणूस सळई तापवून इतकं नेमकं डागेल आणि मग कार्डावर शंभर लिहील? लिहीलही. वेडाचं काय सांगावं.

दादाची शाळेतली हाक तिला आठवली. शंकासूर. घरात कोणी वाक्य पूर्ण केलं की हिची शंका तयार.

दुकानात सगळे नेहमी नावावरून पत्ता शोधत. पत्त्यावरून नाव कोणी कधी विचारलंच नव्हतं. गरजच पडली नव्हती. तिने विचारलं. ज्याचा खण '1E2' आहे, त्याचं नाव दाखव. ऑफिसात शिकवायची तसंच, अवतरणचिन्हांत घालून.

काही येणार नाही अशी तिची खात्री होती. दोन नावं आली. एक फटाकडीचं, एक दुकानाच्या गिऱ्हाईक असलेल्या शिवणशिक्षिकेचं. दोघींच्या शेजारी, खण: 100.

धाकटीने फर्मा मांडीवर ठेवला.

तिने विचारलं होतं एक आणि यंत्राने दिलं होतं भलतंच, पण इतक्या सहज, की जसं काही ते दोन्ही एकच. तिने 1D2 विचारलं. 1D2 आलं, बिनबोभाट. मग तिने कुठल्याही रकान्याशी न जोडता नुसतंच '1E2' यंत्रापुढे ठेवलं: हे काय आहे? यंत्र म्हणालं, 1E2. एकटं असताना ते जसंच्या तसं होतं. खणाच्या रकान्याशेजारी बसवलं की शंभर होत होतं.

"अगं बाई," धाकटी फर्म्याला म्हणाली.

गेल्या वर्षी तो रकाना बनवताना, त्यात अंक येणार की अक्षरं, हे तिने यंत्राला धडपणे सांगितलंच नव्हतं. घरचंच काम, बघून घेईल ते. आणि यंत्राने प्रामाणिकपणे बघून घेतलं होतं. जे अंकासारखं दिसेल ते अंक म्हणून ठेवायचं, बाकीचं अक्षरं म्हणून. 1A2 अंकासारखं दिसत नाही. 1D2 दिसत नाही. 1E2 मात्र दिसतं, कारण मोठमोठे आकडे आटोपशीर लिहायची शास्त्रज्ञांची एक रीत आहे. E च्या आधीचा आकडा घ्या आणि E च्या नंतर जितका आकडा, तितकी शून्यं त्याला जोडा. एकावर दोन शून्यं. शंभर.

सातावर दोन, सातशे. तिनावर एक, तीस. पाचावर तीन, पाच हजार. तो विमानतळ नव्हता, पाचव्या ओळीतला तिसरा खण होता.

बाबांनी प्रत्येक कार्डावर बरोबर लिहिलं होतं.

धाकटीला एकदम दुकानापर्यंत धावत जावंसं वाटलं, पण ती दोन-तीन पावलांवर थांबली, परत आली आणि मांडीवरून फळीवर ठेवलेला फर्मा उचलून त्याच्या खणात नीट ठेवला. आता ज्याची जागा त्याला.

8B1

"म्हणजे बाबांचं चुकलं नव्हतं," दादा म्हणाला. त्याच्या हातात तळव्याचा कातडी तुकडा होता आणि तो त्याने तीनदा एकाच बाजूला दुमडला.

"नव्हतं."

"यंत्राचं चुकलं."

"यंत्राने अंदाज केला. अंदाज करायला मी ठेवलं होतं."

"म्हणजे तुझं."

"माझं."

वहिनी पडद्याआड कोणाचा तरी पाय मोजत होत्या. आतूनच म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं, यंत्राला घाम फुटणार?"

दादाने कातड्याचा तुकडा ठेवून दिला. खुर्चीत बसला, मग उठला. "मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं गं. कोणाचा आहे म्हणून. त्या पोरीसमोर." मग खुर्चीची पाठ धरून म्हणाला, "मागच्या महिन्यात त्यांच्या अंगठ्याला पटाशी लागली होती. तुला सांगितलं नाही. मला वाटलं, आता हात... आणि मग हे शंभर-सातशे. मला वाटलं, त्यांना थांबवायला हेच कारण पुरे. सांगायला सोपं."

"आता दुसरं सांग. हे पण सोपं आहे."

"तू सांग. तू आल्यावर ऐकतात ते."

पण बाबांनी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं सगळं, मान हलवत, E आणि शून्यं आणि रकाना, आणि शेवटी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू मला बरं वाटावं म्हणून लांबून आलीस. कळतंय मला."

"बाबा, अहो खरं आहे हे!"

"असेल. यंत्र तेव्हा म्हणालं बाबांचं चुकलं, तुम्ही मान डोलावली. आज म्हणतंय बरोबर, तुम्ही डोलावताय. मी त्या दिवशी फर्मा हातात घेऊन उभा होतो बाळ. तेव्हा यंत्र नव्हतं मध्ये. मी होतो आणि फर्मा होता. आणि मला नाही सांगता आलं."

त्यांनी नाड्यांचा गुंता पुन्हा मांडीवर ओढला.

1E2 किंवा 10E1

धाकटी दुपारभर रकाना दुरुस्त करत बसली. यंत्राला सांगितलं, इथे जे येईल ते अक्षरं म्हणूनच घ्यायचं, अंदाज नको. मग एकेक आकडा पुन्हा पत्त्यात बदलायला घेतला. सातशेचं 7E2. तिसाचं 3E1. सुतासारखं सरळ चाललं होतं. पहिल्या आणि दहाव्या ओळीपाशी मात्र हात थांबला.

एकावर दोन शून्यं, शंभर. दहावर एक शून्य, तेही शंभर. पहिल्या ओळीतला दुसरा खण आणि दहाव्या ओळीतला पहिला खण, दोघांचाही यंत्रात झाला होता एकच शंभर. फटाकडी आणि शिवणशिक्षिका. दोन नावं होती, दोन फर्मे होते, पण कुठलं नाव कुठल्या फर्म्याचं हे यंत्राकडून आता कायमचं गेलं होतं. कार्डं लगद्यात. फटाकडी नऊ वर्षांची आणि शिवणशिक्षिका अंगाने इतक्या बारीक, की फर्म्यांची लांबी दोघींची एकच. दोघींचाही डावा पाय आत वळलेला. अशा आणखी काही जोड्या होत्या, पण ही सगळ्यांत अवघड.

ती दोन्ही फर्मे घेऊन पुढे आली आणि बाकावर, बाबांसमोर ठेवले.

"ह्यातलं यंत्राला काही सांगता येत नाहीये," ती म्हणाली. आणि का, ते सांगितलं.

बाबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "म्हणजे ते विसरलं?"

"विसरलं."

"कायमचं?"

"कायमचं."

"फ्रिजमध्ये बघितलंस का?"

वहिनी फसकन हसल्या. बाबा नाही हसले. ते फर्म्यांकडे बघत होते. एक उचलला, अंगठा टाचेवरून तळव्याच्या खोलगट भागाकडे नेला. परत ठेवला. दुसरा उचलला. दादा दारात आला होता, तो तिथेच थांबला.

"नाही येत," बाबा म्हणाले. "हे बघ, पुन्हा तेच. पाय कळतो मला. वळण कळतं. पण माणूस समोर येत नाही."

धाकटीने लॅपटॉप मिटला. आता ती हळू बोलली, ऑफिसात नव्या लोकांशी बोलायची तशी.

"माणूस मी सांगते. दोघींतली एक बसवाल्या बाईंची मुलगी. एक शिवणशिक्षिका. आता हातात घ्या."

बाबांनी डाव्या बाजूचा फर्मा उचलला. अंगठा पुन्हा टाचेवर गेला, पण या वेळी तिथे थांबलाच नाही; सरळ बोटांपाशी गेला आणि बोटांच्या फटींवरून एकेक करून फिरला.

"ही पोर," ते म्हणाले. "काय वळवळी आहे! पाय धरू देत नव्हती. गुदगुल्या होतात म्हणायची. डाव्या टाचेचं माप मी दोनदा घेतलं, दोन्ही वेळा वेगळं आलं, शेवटी तिला म्हटलं, पंधराचा पाढा म्हण. पाढा म्हणताना माणूस हलत नाही." ते आता फर्म्याशी बोलत असल्यासारखे बोलत होते. "बोटं बघ ना. मोकळी आहेत. अजून बाजारातला बूट सोसलेला नाही हिने." त्यांनी तो फर्मा बाजूला ठेवला आणि दुसऱ्याकडे न बघताच म्हणाले, "आणि त्या बाई. त्यांनी लग्नाआधीची सगळी वर्षं टोकदार बुटांत काढली. बोटं एकमेकांवर चढलीत. पाय लपवायला आईने घेऊन दिलेले, म्हणाल्या होत्या. मोजा काढताना रडल्या. मी खिडकीबाहेर बघत बसलो, त्यांचं होईपर्यंत."

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

"पंधराचा पाढा," दादा म्हणाला. "मलाही म्हणायला लावायचात. केस कापताना."

"तुला पंधरा सत्ते कधीच आलं नाही."

धाकटीने लॅपटॉप उघडला. फटाकडीच्या नावापुढे टाइप केलं 1E2, शिवणशिक्षिकेच्या नावापुढे 10E1. मग खात्रीसाठी टाचांवरचे डाग पुन्हा बघितले. बाबांच्या डाव्या बाजूचा फर्मा, मोकळ्या बोटांचा, त्याच्या टाचेवर होतं 1E2. यंत्र मात्र टाइप केलेलं जसंच्या तसं घेऊन गप्प बसलं. त्याला सांगितलेलंच तसं होतं.

"पुढची जोडी आण," बाबा म्हणाले. "आणि माणसं आधी सांग."

1E2

दुसऱ्या दिवशी बसचालक बाई गणवेशातच आल्या. फेरी संपवून, पुढची सुरू व्हायच्या आधी. फटाकडीने बाकावर उडी मारली आणि बसायच्या आधीच विचारलं, "सापडला माझा पाय?"

"हरवला कुठे होता?" वहिनी म्हणाल्या.

"मग मागच्या वेळी आजोबा 'नाही सांगता येत' का म्हणाले?"

बसचालक बाईंनी तिला कोपराने ढोसलं. बाबा खाली, छोट्या स्टुलावर बसले. त्यांनी फटाकडीचा मोजा स्वतः काढला आणि डावा पाय हातात धरला. ती लगेच वळवळली.

"पंधराचा पाढा," बाबा म्हणाले.

"आता सतराचा येतो."

"मग सतराचा म्हण."

सतरा चोक अडुसष्टपर्यंत बाबांनी फर्मा तिच्या तळव्याला लावला, टाच टाचेशी जुळवली, आणि पुढे बघितलं. फर्म्याचं टोक संपलं होतं. त्यापुढे फटाकडीच्या अंगठ्याचं अख्खं नख बाहेर होतं. त्यांनी पाय बाजूने धरून पाहिला, घोट्याशी पाहिला. सगळीकडून पाय फर्म्याच्या बाहेर आलेला.

"वाढलीस गं," ते म्हणाले.

"मग काय करू? तुम्ही वेळेवर काढायचा ना फर्मा!"

"म्हणजे उपयोग नाही?" बसचालक बाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा पडला. सगळ्यांच्याच चेहऱ्यांवरून काहीतरी उतरलं. एवढं सगळं करून, सगळी E कपाटं भट्टीच्या तोंडातून परत आणून, फर्मा हातात आला होता आणि छोटा पडला होता.

"उपयोग झाला," बाबा म्हणाले. पण कोणाला म्हणाले ते कळलं नाही.

दादाने घसा साफ केला. "कोरायचं यंत्र पुढच्या महिन्यात येतंय, ताई. तेव्हा..." तो थांबला. बाबांनी फटाकडीचा पाय अजून सोडलेला नव्हता. त्यांचा अंगठा तिच्या टाचेवरून तळव्याकडे जात होता, आणि ओठ हलत होते. मापं मोजत होते ते.

दादा वळला आणि मागच्या बाजूला गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात लाकडाचा ठोकळा होता.

"हा चालेल, बाबा?"

बाबांनी बोटाच्या पेराने ठोकळ्यावर टकटक केलं, कान लावला. "ओला आहे. त्याच्या मागचा आण. आणि तो दिवा जरा इकडे सरकव, अंगठा कापला तर बोलशील पुन्हा."

"दिवा सरकवतो आणि शेजारीच बसतो. चालेल?"

"बस. पण पाढा नको म्हणूस."

दादा दुसरा ठोकळा आणायला गेला. बाबा स्टुलावरून उठले, बाकापाशी आले, वाकले. डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. मग कंबरेवर हात ठेवून सरळ झाले.

"इथेच कुठेतरी ठेवली होती," ते म्हणाले.

वहिनींनी धाकटीकडे बघितलं.

"फ्रिजमध्ये बघता का कोणी?" बाबा म्हणाले, आणि या वेळी आधी तेच हसले.

"गोंदाच्या डब्यांमागे," वहिनी म्हणाल्या.

"हां." बाबांनी पुडी काढली, बाकावर ठेवली आणि गाठ सोडायला दातांनी धरली. गाठ काही सुटेना. फटाकडी एक बूट घातलेला, एक पाय अनवाणी अशी उड्या मारत आली आणि म्हणाली, "द्या इकडे, मला येतं."

2A2

पुडी बांधायच्या आदल्या दिवशी बाबांनी सगळ्या हत्यारांना धार लावली होती.